‘मेट्रॉइड २’ आणि खेळाडूंचे अभिप्राय : एका मूल्यनिर्णयाचा इतिहास

१

कोणत्याही कृतीचा इतिहास दोन अंगांनी लिहिता येतो. ती कशी निर्माण झाली हे सांगणे हे एक अंग; ती लोकांच्या हाती पडल्यानंतर लोक तिच्याविषयी काय म्हणत गेले हे सांगणे हे दुसरे. वाङ्मयाच्या अभ्यासकांना हे दुसरे अंग परिचित आहे. एका पिढीने उपेक्षिलेला ग्रंथ पुढील पिढीने डोक्यावर घ्यावा, किंवा एका पिढीने ज्याला दोष म्हटले त्याच गोष्टीला दुसरीने गुण म्हणावे, असे वारंवार घडते. व्हिडिओ गेमच्या बाबतीत या दुसऱ्या इतिहासाला आणखी एक महत्त्व प्राप्त होते. येथील रसिक हा नुसता वाचक वा प्रेक्षक नसतो. त्याने बटणे दाबल्यावाचून नायक पाऊल टाकीत नाही आणि कथा पुढे सरकत नाही. म्हणून खेळाडूचा अभिप्राय हा ज्याने स्वतः ती कृती पुरी केली अशा माणसाचा अभिप्राय असतो.

प्रस्तुत लेखात अशा एकाच खेळाचा विचार केला आहे. निन्टेंडो या जपानी कंपनीचा ‘मेट्रॉइड २ : रिटर्न ऑफ सॅमस’ हा खेळ नोव्हेंबर १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेत आणि जानेवारी १९९२ मध्ये जपानात प्रसिद्ध झाला. तो ‘गेम बॉय’ या हातात धरून खेळावयाच्या यंत्रासाठी रचलेला होता. धावणे, उड्या मारणे, कड्याकपारींवर चढणे आणि शत्रूवर नेम धरणे यांवर ज्यांची रचना उभी असते अशा ‘ॲक्शन प्लॅटफॉर्मर’ वर्गात तो मोडतो. प्रसिद्धीनंतरच्या तीन दशकांत या खेळाविषयीचे मत जितके बदलले तितके त्याच्या समकालीन खेळांपैकी थोड्यांच्याच बाबतीत बदलले असेल. हा बदल कसा घडला, आणि त्यावरून गुण व दोष या कल्पनांविषयी काय निष्पन्न होते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

२

अभिप्रायांचा विचार करण्यापूर्वी ज्या यंत्रावर हा खेळ खेळला गेला त्याची मर्यादा समजून घेणे अगत्याचे आहे. गेम बॉय हे यंत्र १९८९ मध्ये बाजारात आले. त्याचा पडदा आडवा १६० आणि उभा १४४ बिंदूंचा होता. त्यावर हिरवट करड्या रंगाच्या केवळ चार छटा उमटत. पडद्याला आतून प्रकाश नव्हता. दिव्याखाली किंवा उन्हात धरले तरच चित्र नीट दिसे. दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या निन्टेंडोच्या त्या वेळच्या यंत्रावर २५६ बाय २४० बिंदूंचे चित्र उमटे. म्हणजे गेम बॉयच्या पडद्यावर त्याच्या तीन-अष्टमांशाहून अधिक काही मावत नसे. १९८६ मधील पहिला ‘मेट्रॉइड’ त्या मोठ्या चित्रासाठी रचलेला होता. त्याचा उत्तरभाग या छोट्या चौकटीत बसवावयाचा, हे काम गुन्पेई योकोई यांच्या नेतृत्वाखालील विभागाकडे आले. हिरोजी कियोताके आणि हिरोयुकी किमुरा हे दिग्दर्शक होते आणि संगीत र्योजी योशितोमी यांचे होते.

कथानक थोडक्यात असे. एसआर ३८८ नावाच्या ग्रहावर मेट्रॉइड या जातीचे घातक जीव राहतात. त्यांचा समूळ नाश करण्याची कामगिरी आकाशगंगेतील राष्ट्रसंघ सॅमस अ‍ॅरन या स्त्रीवर सोपवितो. ती एकटी ग्रहावर उतरते आणि बोगद्यांतून खोल खोल जाते. पडद्याच्या कोपऱ्यात उरलेल्या मेट्रॉइडांची संख्या दिसत असते. ती ३९ पासून सुरू होते. एका विभागातील ठरावीक जीव मारले की भूकंपासारखा हादरा बसतो, तेथील दाहक द्रवाची पातळी खाली जाते आणि पुढची वाट मोकळी होते. अखेरीस राणी मेट्रॉइड मारली जाते. त्यानंतर एका अंड्यातून पिलू बाहेर पडते, सॅमसला आपली आई समजते आणि तिच्यामागोमाग येऊ लागते. सॅमस त्याला मारीत नाही. वाटेतील जे अडथळे तिला फोडता येत नाहीत ते ते पिलू खाऊन टाकते, आणि दोघे भूपृष्ठावरील यानापर्यंत चढून येतात. या शेवटच्या चढणीत एकही शत्रू नाही.

यंत्राच्या मर्यादेमुळे रचनेवर जे परिणाम झाले त्यांपैकी तीन महत्त्वाचे होत. सॅमसची आकृती पडद्याच्या मानाने मोठी काढल्याने तिच्याभोवतीचा प्रदेश फार थोडा दिसे. रंग नसल्यामुळे पहिल्या खेळात रंगाने ओळखू येणारा ‘व्हेरिया’ पोशाख येथे आकाराने वेगळा दाखविणे भाग पडले; म्हणून त्याला मोठे गोल खांदे देण्यात आले. आणि गुहांची पार्श्वभूमी बहुतेक ठिकाणी निव्वळ काळी राहिली. याशिवाय पहिल्या खेळाप्रमाणे याही खेळात नकाशा नव्हता. उलट सोय एक वाढली. कार्ट्रिजमध्ये बॅटरी असल्याने ठरावीक ठिकाणी खेळ जतन करता येई; पहिल्या खेळाच्या अमेरिकन आवृत्तीत त्यासाठी लांबलचक सांकेतिक अक्षरे लिहून ठेवावी लागत.

३

अभिप्रायांच्या इतिहासाचे स्थूलमानाने तीन कालखंड पडतात. पहिला १९९१ ते १९९४ पर्यंतचा. या काळात खेळाडूंच्या समोर तुलनेसाठी दोनच वस्तू होत्या : पहिला ‘मेट्रॉइड’ आणि गेम बॉयवरील इतर खेळ. दुसऱ्या तुलनेत या खेळाची बाजू भक्कम होती. हातातील यंत्रावरचे खेळ बहुधा आटोपशीर असत. प्रवासात अर्धा तास खेळून बाजूला ठेवावे अशी त्यांची धाटणी असे. त्या मानाने एवढे विस्तीर्ण भूगर्भीय जग खिशात मावावे, ते अनेक दिवस पुरावे आणि मध्येच थांबून पुन्हा पुढे चालू करता यावे, याचे खेळाडूंना अप्रूप वाटले. भिंतींना आणि छताला चिकटून चालणाऱ्या ‘स्पायडर बॉल’ या शक्तीची वाखाणणी झाली, कारण तिच्यामुळे पडद्यावरील प्रत्येक पृष्ठभाग हा रस्ता ठरू शकत असे.

पहिल्या तुलनेत मात्र पारडे फिरे. तक्रारी ठरावीक होत्या. सर्व गुहा सारख्याच दिसतात, वाट चुकते, नकाशा नाही, आजूबाजूचे पुरेसे दिसत नाही, एकाच प्रकारच्या मेट्रॉइडाशी तीच ती झुंज पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि कित्येक ठिकाणी संगीत म्हणावे असे काही ऐकूच येत नाही, नुसते तुटक स्वर येतात. अनेक खेळाडू चौकटीच्या कागदावर स्वतः नकाशे काढीत. यातही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. या तक्रारींचा रोख खेळापेक्षा यंत्राकडे अधिक होता. ‘गेम बॉयवर यापेक्षा अधिक काय होणार’ हा समजूतदारपणा त्यांच्या मुळाशी होता. दोष मान्य होता, पण तो क्षम्यही होता.

एका बाबतीत मात्र प्रारंभापासून एकमत दिसते. शेवटचा प्रसंग सर्वांनाच स्पर्शून गेला. जे खेळाच्या इतर भागाला कंटाळले तेही पिलाविषयी आपुलकीने बोलत. या एकमताचा उपयोग पुढे होणार आहे.

४

दुसरा कालखंड १९९४ पासून सुरू होतो. त्या वर्षी ‘सुपर मेट्रॉइड’ हा तिसरा खेळ दूरचित्रवाणीला जोडावयाच्या नव्या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. त्यात रंग होते, समृद्ध संगीत होते आणि मुख्य म्हणजे नकाशा होता. त्या खेळाला या प्रकारातील आदर्श कृती मानण्यात आले, आणि मागील दोन्ही खेळ त्या आदर्शाने मोजले जाऊ लागले. मानदंड बदलताच ‘मेट्रॉइड २’ चे स्थानही बदलले. पूर्वी जे दोष यंत्राच्या खाती जमा होत ते आता कृतीच्या खाती जमा होऊ लागले.

या घसरणीला आणखी एक कारण होते. ‘सुपर मेट्रॉइड’ च्या प्रारंभीच सॅमस मागील कथा सांगते : पिलू कसे सापडले आणि ते संशोधकांच्या स्वाधीन कसे केले. म्हणजे दुसऱ्या खेळाचा सारांश तिसऱ्यात आयताच मिळाला. परिणामी कथेच्या साखळीतील दुवा म्हणून तो आवश्यक, पण प्रत्यक्ष खेळण्यास अनावश्यक, असा समज रूढ झाला. गोष्ट ठाऊक असणे म्हणजे कृती ठाऊक असणे, ही वाङ्मयाच्या क्षेत्रात वारंवार होणारी गल्लत येथेही झाली. वस्तुतः या खेळाची गोष्ट दोन वाक्यांची आहे. तिचा अनुभव कित्येक तासांचा आहे, आणि तो सारांशात येत नाही.

२००४ मध्ये पहिल्या खेळाची पुनर्रचना ‘मेट्रॉइड : झीरो मिशन’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यानंतर दुसऱ्या खेळाचीही अशीच दुरुस्त आवृत्ती निघावी, अशी मागणी खेळाडूंत सार्वत्रिक झाली. मागणीतील ‘दुरुस्ती’ ही कल्पना लक्षणीय आहे. मूळ खेळात काय बिघडले आहे याविषयी जणू कोणालाच शंका नव्हती.

५

परंतु याच सुमारास मताचा प्रवाह उलट दिशेने वळू लागला होता. तिसऱ्या कालखंडाचे बीज २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेट्रॉइड फ्यूजन’ या चौथ्या खेळात आहे. त्यात असे उघड होते की, एसआर ३८८ ग्रहावर ‘एक्स’ नावाचे परोपजीवी जीव होते आणि त्यांना आवर घालण्यासाठीच मेट्रॉइडांची निर्मिती झाली होती. सॅमसने मेट्रॉइड नष्ट केले आणि एक्स मोकाट सुटले. या एका माहितीने दुसऱ्या खेळातील कामगिरीचा अर्थ पालटला. जो पराक्रम वाटला होता तो अविचार ठरला. पडद्याच्या कोपऱ्यात उतरत जाणारा आकडा १९९१ मध्ये केवळ प्रगतीची नोंद होता. आता तो एका जातीच्या संहाराचा हिशेब वाटू लागला. उत्तरकालीन ग्रंथाच्या प्रकाशात पूर्वकालीन ग्रंथ वाचला जाणे ही भाष्यपरंपरेला परिचित असलेली घटना येथे घडली.

यानंतरच्या अभिप्रायांची भाषा पाहिली तर एक भाषाशास्त्रीय विशेष नजरेत भरतो. अभिप्राय देणारे नव्या गोष्टींविषयी बोलत नाहीत. ते जुन्याच गोष्टींना नवी विशेषणे देतात. जे ‘अपुरे दिसणारे’ होते ते ‘घुसमट निर्माण करणारे’ झाले. जे ‘रिकामे’ होते ते ‘एकाकी’ झाले. जे संगीत ‘तुटक’ होते ते ‘परक्या ग्रहाला साजेसे’ झाले. ‘वाट चुकते’ या तक्रारीचे रूपांतर ‘आपण येथे उपरे आहोत याचा प्रत्यय येतो’ या प्रशंसेत झाले. प्रत्येक जोडीतील दोन्ही शब्दप्रयोगांचा वाच्यार्थ एकाच वस्तूकडे बोट दाखवितो. भेद आहे तो मूल्यभाराचा. पहिल्या संचातील विशेषणे यंत्राचे वर्णन करतात. दुसऱ्या संचातील विशेषणे खेळाडूच्या मनाचे वर्णन करतात. वैगुण्य हे वस्तूच्या ठिकाणी असते, तर घुसमट ही अनुभवाच्या ठिकाणी असते. अभिप्रायाचा विषय वस्तूकडून अनुभवाकडे सरकला, हे या स्थित्यंतराचे मर्म होय.

मतपरिवर्तनाच्या मुळाशी नुसते स्मरणरंजन होते, असा आक्षेप घेता येईल. बालपणी खेळलेला खेळ प्रौढपणी गोड वाटतो, हे खरेच. पण स्मरणरंजनाने सर्वच जुने खेळ सारखेच गोड व्हावयास हवे होते, आणि तसे झाले नाही. शिवाय ते आठवणींना उजळवते. येथे तर खेळातील काळोख आणि अस्वस्थता यांचीच वाखाणणी होऊ लागली. म्हणून या परिवर्तनाचे कारण खेळाच्या रचनेतच शोधावे लागते.

६

या शोधाला सुदैवाने एक अनपेक्षित साधन उपलब्ध झाले. एक वर्षाच्या अंतराने या खेळाच्या दोन पुनर्रचना प्रसिद्ध झाल्या. पुनर्रचना हा एक प्रकारचा अभिप्रायच असतो. पुनर्रचनाकार जे वगळतो ते त्याला दोष वाटलेले असते, जे राखतो ते गुण, आणि जे नव्याने घालतो ती त्याला जाणवलेली उणीव.

पहिली पुनर्रचना ६ ऑगस्ट २०१६ रोजी, पहिल्या मेट्रॉइडच्या तिसाव्या वाढदिवशी, ‘अनदर मेट्रॉइड २ रिमेक’ या नावाने विनामूल्य प्रसिद्ध झाली. अर्जेंटिनातील एका हौशी रचनाकाराने काही वर्षांच्या परिश्रमाने, इतर खेळाडूंच्या साहाय्याने, ती संगणकासाठी तयार केली होती. तिच्यात रंग, नकाशा, नवे प्रदेश, नवे प्रतिस्पर्धी आणि ग्रहाची माहिती देणाऱ्या लिखित नोंदी होत्या. निन्टेंडोने आपल्या स्वामित्वहक्काच्या आधारे काही दिवसांतच तिचे वितरण थांबविले. खेळाडूंनी तिचे मनापासून कौतुक केले. तिच्या कर्त्याने पिलासह होणारी अखेरची शांत चढण मात्र तशीच ठेवली, हे येथे विशेष नमूद केले पाहिजे.

दुसरी पुनर्रचना अधिकृत होती. माद्रिद येथील मर्क्युरीस्टीम या संस्थेच्या सहकार्याने निन्टेंडोने १५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘मेट्रॉइड : सॅमस रिटर्न्स’ हा खेळ ‘निन्टेंडो ३डीएस’ या यंत्रासाठी प्रसिद्ध केला. पंचवीस वर्षांच्या तक्रारींची यादी समोर ठेवूनच तो रचला असावा, असे वाटते. यंत्राच्या खालच्या पडद्यावर नकाशा सतत उघडा. भोवतालचा प्रदेश उजळून दाखविणारी नवी शक्ती. एका ठिकाणाहून दुसरीकडे तत्काळ नेणारी स्थानके. कोणत्याही कोनात नेम धरण्याची सोय. आणि हल्ला परतविण्याचा नवा डाव. तक्रारींपैकी जवळजवळ प्रत्येकीचे निवारण झाले. शिवाय एक भर पडली : राणी मारली गेल्यानंतर, चढण संपत असता, रिडली नावाचा जुना शत्रू समोर येतो आणि अखेरची घनघोर झुंज होते.

खेळाडूंचा प्रतिसाद संमिश्र, आणि म्हणूनच बोधप्रद होता. हालचालींतील सफाई आणि नकाशाची सोय यांचे स्वागत झाले. पण त्याचबरोबर एक नवी हळहळही व्यक्त होऊ लागली. गुहा उजळल्या तशी त्यांची भीती गेली. वाट चुकण्याची शक्यता उरली नाही तशी परकेपणाची जाणीवही उरली नाही. आणि रिडलीच्या आगमनाविषयी अनेकांची तक्रार अशी की, ज्या प्रसंगी शस्त्र खाली ठेवणे हाच खेळाचा अर्थ होता, नेमके त्याच प्रसंगी ते पुन्हा उचलावयास लावले गेले.

ही हळहळ आणि पहिल्या कालखंडातील ते एकमत यांची सांगड घातली म्हणजे प्रश्नाचा उलगडा होतो. शेवटचा प्रसंग सर्वांना प्रारंभापासून भावला होता. पण तो का भावतो याचा विचार झाला नव्हता. त्या चढणीतील शांतता जाणवते, कारण तिच्यापूर्वी कित्येक तास काळोख, एकटेपणा आणि त्याच त्या हत्येची पुनरावृत्ती यांखाली खेळाडू दबलेला असतो. अंधार काढून घेतला तर उजेडाचा दिलासा वाटत नाही; मारण्याचा शीण आलेला नसेल तर न मारण्याचे मोलही कळत नाही. म्हणजे ज्या गोष्टींना दोष म्हटले गेले त्यांच्याच आधारावर तो सर्वमान्य गुण उभा होता. दोषांचे निवारण झाले तेव्हाच हा आधार दृष्टीस पडला.

७

या निष्कर्षाचा अतिरेक होण्याचा धोका आहे, म्हणून दोन मर्यादा नोंदविणे जरूर आहे.

पहिली अशी की, मर्यादेतून अर्थ निर्माण झाला याचा अर्थ तो कर्त्यांनी योजला होता असा होत नाही. गोल खांद्यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. रंगाच्या अभावी काढलेली ती तोड पुढे रंगीत खेळांतही कायम राहिली आणि सॅमसच्या रूपाची ओळखच होऊन बसली. अडचणीतून सुटण्यासाठी केलेली योजना संकेत बनते, तशीच अडचणीमुळे आलेली काळी पार्श्वभूमीही अर्थवाही बनू शकते. भाषेच्या इतिहासातही ध्वनिलोपासारख्या निर्हेतुक घटनांतून नवे अर्थभेदक विशेष निर्माण होतात. त्यासाठी कोणाचा संकल्प गृहीत धरावा लागत नाही.

दुसरी मर्यादा अशी की, सर्वच दोष प्रच्छन्न गुण नसतात. प्रारंभीच्या अवस्थेतील मेट्रॉइडांशी होणाऱ्या झुंजींत डावपेचांचे वैविध्य अत्यल्प आहे. पुनरावृत्तीने शीण यावा एवढ्यासाठी झुंज नीरस असण्याची आवश्यकता नव्हती. एका वेळी एकच किरणास्त्र बाळगता येणे, आणि ते बदलण्यासाठी मागे परतावे लागणे, यातून कोणताही भाव निष्पन्न होत नाही. केवळ वेळ जातो. पुनर्मूल्यांकनाच्या उत्साहात काही खेळाडूंनी याही गोष्टींचे समर्थन केले आहे. ते मान्य होण्यासारखे नाही. ज्या वैगुण्याचा शेवटच्या प्रसंगाशी संबंध दाखविता येतो आणि ज्याचा येत नाही, त्या दोहोंत भेद केलाच पाहिजे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये निन्टेंडोने मूळ खेळ आपल्या ‘स्विच’ यंत्राच्या सदस्यांसाठी पुन्हा उपलब्ध केला. त्यात नकाशा घातलेला नव्हता आणि कथेतही काही बदललेले नव्हते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ३डीएस यंत्राचे विक्रीकेंद्र बंद झाले आणि त्यावरील मूळ खेळाची २०११ पासूनची आवृत्ती नव्याने विकत घेणे अशक्य झाले. त्यामुळे हे पुनरागमन वेळेवर झाले असे म्हणावे लागते. पुनर्रचना कितीही कुशल असली तरी ती मूळ कृतीची जागा घेऊ शकत नाही. ती मूळ कृतीवरचे मत असते, आणि मत पारखून घेण्यासाठी मूळ कृती हाताशी असावी लागते. १९९१ च्या खेळाडूंनी नकाशा नाही म्हणून तक्रार केली ती रास्त होती, आणि २०१७ च्या खेळाडूंनी नकाशा आला म्हणून हळहळ व्यक्त केली तीही रास्त होती. दोघांच्या हातांतील वस्तू आणि समोरील मानदंड वेगळे होते. जुन्या खेळांविषयीचे अभिप्राय अभ्यासताना कोणते मत बरोबर हे ठरविण्याच्या आधी प्रत्येक मत कोणत्या तुलनेतून निघाले हे पाहिले, तर या अभ्यासाला निश्चित पाया लाभेल.